मदत हवी आहे: वडिलांसाठी संगीतोपचार, नक्की कोणता राग?

घाईत_नाशिककर
वडील चालताना मध्येच अडकतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. संगीताचा मेंदूवर परिणाम होतो असं वाचून दहा दिवस रोज सकाळी अर्धा तास बासरी लावतोय. फरक शून्य. राग कोणता, किती वेळ, हेडफोन की स्पीकर, एवढंच सांगा. "डॉक्टरांना विचारा" नको, ते झालंय.

मध्यलय
आजार कोणता तेच लिहिलं नाहीत. पार्किन्सन, पक्षाघात की गुडघे? वय? गोळी किती वाजता? अडकतात कुठे: सरळ रस्त्यावर, वळताना की दारात? आणि बासरी चालताना ऐकतात की बसून?

सूरसाधक
आजार कुठलाही असो, दरबारी कानडा. ४० मिनिटं, डोळे मिटून. शक्यतो ४३२ हर्ट्झला (नेहमीच्या ४४० ऐवजी) लावलेल्या सुरातलं रेकॉर्डिंग घ्या, नसा मोकळ्या होतात.

खर्ज
दरबारी रात्रीचा, हे लावतायत सकाळी. कुठला राग कुठल्या प्रहरी, या तुमच्याच समयचक्रात बसेना! आणि ४३२चा वाद हा पाश्चात्त्यांच्या ४४० हर्ट्झच्या ठरीव स्वराशी आहे. आपल्याकडे सा गळ्याप्रमाणे लागतो, पेटीवर कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार. मग ४३२ नक्की कुठल्या स्वराला लावायचे?

गोदाकाठ
वाचा गेली असेल तर सुरात बोलायला लावा. मेलडिक इंटोनेशन थेरपी, १९७३ पासूनची. रोजचं छोटं वाक्य घ्यायचं, "पाणी हवंय", ते दोनच सुरांत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने मांडीवर थाप. आधी बरोबरीने, मग निम्म्यात आपण थांबायचं, शेवटी त्यांनी एकट्याने. ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांच्यासाठी हे.

घाईत_नाशिककर
वाचेचं मी कुठे म्हटलं? पार्किन्सनच आहे, मला वाटलं "अडकतात" म्हटल्यावर कळेल. वय ७१. लेव्होडोपाची गोळी ८, २, ८, दुधाबरोबर. सकाळी ७ ला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेतो. अडकतात ते वळताना आणि घरी देवघराच्या दारात. बासरी बसूनच ऐकतात, नाहीतर कशी ऐकणार?

मध्यलय
तीन गोष्टी चुकतायत, आणि राग त्यातली एकही नाही.

गोळी ८ ची आणि चालणं ७ चं, म्हणजे रात्रीची गोळी उतरल्यावर तुम्ही त्यांना ट्रॅकवर उभं करता. गोळी लागू पडायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, तेव्हा नऊला न्या. दुधातली प्रथिनं आतड्यात त्याच औषधाच्या वाटेत येतात. गोळी पाण्याबरोबर आणि खाण्याच्या अर्धा तास आधी चालेल का, हे मात्र डॉक्टरांना विचारावंच लागेल, राग आला तरी.

दुसरं, बासरीच्या आलापाला ठोका नसतो. पार्किन्सनमध्ये डोपामाइन कमी पडतं आणि पाऊल कधी टाकायचं हे आतून ठरवणारी यंत्रणा, बेसल गँग्लिया, अडखळते. बाहेरून ठोका ऐकू आला की मेंदूला श्रवणाकडून हालचालीकडे जाणारा दुसरा रस्ता मिळतो. सूर छान वाटेल, पाय ठोक्यावर उचलतो. मायकेल थाउट यांच्या गटाने १९९६ मध्ये हेच करून पाहिलं: रोज अर्धा तास, तीन आठवडे, तालावर चालणं. चालीचा वेग २५ टक्के वाढला.

तिसरं, बसून ऐकण्याने चाल सुधारत नाही. मन रमेल, तेवढंच.

घाईत_नाशिककर
ठोक्यासाठी मेट्रोनोम (एकसारखी टिकटिक देणारं ॲप) काल लावून पाहिला. एका ठिकाणी मिनिटाला १२० ठोके लिहिलं होतं, तेवढाच ठेवला. दोन मिनिटांत वडील बारीक पावलं टाकत पुढे पळायलाच लागले. धरलं म्हणून बरं.

पावली
१२० चा आकडा तुमच्या वडिलांचा नाही. आधी मोजा: गोळी लागू असताना सरळ वाटेवर ३० सेकंदांत किती पावलं पडतात, गुणिले दोन. अडकणाऱ्या माणसाला त्याच आकड्यावर किंवा ५-१० टक्के कमीवर सुरू करा. ठोका पुढे पळाला की पाऊल आखडतं, तोल पुढे जातो. तुमच्याकडे तेच झालं.

खर्ज
मेट्रोनोमच्या टिकटिकीचा कंटाळा येतो. लेहऱ्याच्या (तालाच्या आवर्तनात फिरणाऱ्या एकाच धुनेच्या) ॲपमध्ये तीनताल लावा, एका मात्रेला एक पाऊल. रूपक नको. सात मात्रा, सम (पहिली मात्रा) एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या.

पंचवटीकर
एवढं कशाला? भजनी ठेका लावा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला त्यावरच जाते.

पावली
ठेका उत्तम, रेकॉर्डिंग धोक्याचं. गजराला लय चढते, लग्गी (ठेक्याची जलद भरगच्च बोलबांधणी) सुरू होते आणि मग पुन्हा तीच पळापळ. नुसता ठेका, एकाच लयीत.

मध्यलय
ट्रॅकवर दोन्ही कानांत हेडफोन नको, मागून येणारा ऐकू आला पाहिजे. छोटा स्पीकर खिशात. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्या. दारात तालापेक्षा पट्ट्या बऱ्या: फरशीच्या रंगात उठून दिसणारी चिकटपट्टी, आडवी, ४०-५० सेंमी अंतराने चार-पाच, त्या ओलांडायच्या. अडकलेच तर समोरून हात ओढू नका. थांबू द्या, वजन डावी-उजवीकडे झुलवू द्या, "एक, दोन" म्हणा, मग पाऊल.

द्राक्षबाग
नाशिक ढोल का नाही? एवढा दणदणीत ठोका दुसरा कुठला!

खर्ज
ढोलात मुख्य ठोक्याहून मधले भरणीचे ठोके जास्त. ७१ वर्षांच्या माणसाने नेमकं कशावर पाऊल टाकायचं? अवांतर थांबवा.

घाईत_नाशिककर
आज नऊला मोजलं, ३० सेकंदांत ४३.

पावली
म्हणजे ८६. लेहरा ८२ ला ठेवा. पहिला आठवडा १०-१० मिनिटांच्या दोन फेऱ्या, तुम्ही अडकणाऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. अडकणं कमी झालं तरच दोन-दोन मात्रांनी वाढवा. ठोका चालू होऊन चार मात्रा गेल्यावर पहिलं पाऊल, आधी नाही.

घाईत_नाशिककर
देवघराच्या दारात पट्ट्या चिकटवायला आई तयार नाही. रांगोळीची रेघ चालेल का?

मध्यलय
रेघ ठळक असेल तर चालेल, पण पायाने पुसते, रोज काढावी लागेल. आणि भुकटीवर पाय घसरू शकतो. गेरूचा ओला पट्टा ओढा, वाळू द्या.

सूरसाधक
४३२ बद्दल कुणी नीट बोललंच नाही.