व्हिडिओला पेपरचा मान द्यायचा का?

वाळपईकर: काल इथे एका ज्येष्ठांनी लिहिलं, 'व्हिडिओ करणाऱ्यांना बढतीत गुण द्यायचे तर उद्या नटांनाही प्रोफेसर करा.' झोप लागली नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापावर, म्हणजे गोचिडांमुळे पसरणाऱ्या तापावर, चार व्हिडिओ केले: मेलेल्या माकडाला हात लावू नका, काजूच्या बागेतून आल्यावर अंगावर गोचीड शोधा, कपडे गरम पाण्यात धुवा. एक बाई तापाच्या दुसऱ्याच दिवशी आली. 'तुमचा व्हिडिओ बघितला,' म्हणाली. माझ्या बढतीच्या फाईलमध्ये याला जागाच नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2016 मध्येच असं काम बढतीत धरलं.

जुने दोतोर: तो ज्येष्ठ मीच. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या नियमांनी बढतीसाठी सूचीतल्या, म्हणजे मान्य यादीतल्या, जर्नलमधला पेपर मागितला होता, कारण तो कुणीतरी तपासलेला असतो. तुमचं कोण तपासतो? व्ह्यूजच मोजायचे तर कारल्याच्या रसाने मधुमेह घालवणारा बुवा तुमच्या कितीतरी पुढे आहे.

फोंडेकर: तपासलेला? माझ्या बायकोने पैसे भरले आणि दोन दिवसांत पेपर स्वीकारला गेला. एक स्वल्पविरामही कुणी बदलला नाही. जर्नल सूचीत होतं, पेपर चालला!

साखळीची: आधी सांगा, व्हिडिओ मराठीत का? बागेतल्या बायका घरात कोकणी बोलतात.

फोंडेकर: आणि वाचतात मराठी.

साखळीची: गोव्याचा 1987 चा राजभाषा कायदा उघडा. राजभाषा कोकणी आहे.

फोंडेकर: त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. अर्धंच वाचून भांडू नका!

साखळीची: अर्धं तुम्ही वाचता. माझी आजी पोथी मराठीत वाचायची, पण दुखणं कोकणीतच सांगायची. शेवटच्या आजारात डॉक्टर मराठीत विचारत राहिले आणि ती नुसती मान हलवत राहिली. व्हिडिओ वाचायचा नसतो, ऐकायचा असतो.

वाळपईकर: हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं चुकलं.

जुने दोतोर: पैशांच्या जर्नलांबद्दल फोंडेकरांचं खरं आहे, नाइलाजाने मानतो. पण व्ह्यूज मी मोजणार नाही. व्हिडिओ आधी दोन तज्ज्ञांनी तपासावा, आणि लोक लवकर येऊ लागले का ते आरोग्य केंद्राच्या नोंदींतून दाखवा. मग बढतीत धरा. मूळ संशोधनाच्या बरोबरीने मात्र नाही.

वाळपईकर: बरोबरी मी मागितलीच नव्हती. तपासायला तुम्हीच बसा. कोकणी मसुदा रविवारी पाठवतो, साखळीच्या ताईंनाही. काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो बागांत पोचायला हवा.