डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे गाडी चालवायचा परवाना नव्हे

वाटसरू:
आधीच्या धाग्यात एकाने ठासून लिहिलंय, "दारू पिणं हा गुन्हा, मान्य. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन अपघात झाला तर चालकाचा काय दोष? झोप येत नाही तोवर गाडी चालवायला हरकत नाही." हे वाचून राहवलं नाही. झोप येते की नाही, ही कसोटीच चुकीची आहे. २००० साली आयोवा विद्यापीठाच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर त्याच चालकांना वेगवेगळ्या दिवशी ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन (ॲलर्जीची जुनी गोळी) आणि रक्तात ०.१ टक्क्याच्या आसपास भरेल इतकी दारू दिली. पुढची गाडी वेग बदलेल तसा आपला वेग जुळवायचा होता. गोळीच्या दिवशी तो दारूच्या दिवसापेक्षाही वाईट जुळला. आणि किती झोप येतेय हे चालकांनी स्वतः सांगितलं, त्यावरून त्यांची गाडी किती बिघडणार याचा फारसा अंदाज येत नव्हता.

निशिगंध:
त्याच प्रयोगात फेक्सोफेनाडिनही (ॲलर्जीचीच, पण सुस्ती न आणणारी नवी गोळी) होतं. ती गोळी घेऊन चालवण्यात आणि औषध नसलेली गोळी घेऊन चालवण्यात लक्षणीय फरक पडला नाही. ते का गाळलंत? सगळ्या औषधांना एकाच पंक्तीला बसवू नका. फिट्सची गोळी चुकवून गाडी चालवणं हा गोळी घेण्यापेक्षा मोठा धोका आहे.

वाटसरू:
गाळायला नको होतं, मान्य. पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. त्याच त्रासावर सुस्ती न आणणारं औषध मिळत असताना ते न मागणं ही चालकाची चूक. झोपेच्या गोळीचंही तेच. २०१३ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला, कारण आठ तासांनंतरही अनेकींच्या रक्तात गाडी चालवणं बिघडेल इतकं औषध उरत होतं. रात्री दोनला गोळी घेऊन सकाळी सातला निघणाऱ्याने "मी झोपून उठलोय" म्हणून काय उपयोग?

खडीसाखर:
दारूसारखा रक्तातला आकडा ठरवा, वाद मिटेल. ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सने २०१५ साली औषधांसाठी आणि गांजासारख्या नशांसाठी ठरवलाच की.

दीपमाळ:
वाद तिथेच सुरू होतो! गांजातल्या टीएचसीची (नशा आणणारं द्रव्य) तिथली मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम. ओढल्यावर टीएचसी काही मिनिटांत शिखर गाठतं आणि मग चरबीत शिरत भराभर उतरतं, पण हात आणि लक्ष त्यापुढे काही तास बिघडलेलं राहतं. अपघातानंतर रक्त घ्यायला दीड-दोन तास गेले की आकडा पडलेला असतो. उलट रोज ओढणाऱ्याच्या रक्तात शेवटच्या झुरक्यानंतर काही दिवसांनीही थोडं सापडतं. खाल्लेला गांजा तर अर्धा ते दोन तासांनी चढतो, शिखरही बुटकंच.

खडीसाखर:
म्हणजे नशेत असलेला सुटणार आणि शुद्धीतला अडकणार? मग पोलिसांनी करायचं तरी काय?

दीपमाळ:
आकडा आणि अंगाची तपासणी, दोन्ही. सरळ रेषेत नऊ पावलं जाऊन वळून परत येणं, एका पायावर ३० सेकंद, डोळे मिटून ३० सेकंदांचा अंदाज, बाहुल्यांचा आकार. डोळ्यांची आडवी थरथर दारूत आणि शामक गोळ्यांत दिसते, नुसत्या गांजात नाही. त्यामुळे थरथर नाही म्हणून सोडून देऊ नये.

निशिगंध:
आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याने एका पायावर उभं राहायचं? तपासणीतल्या चुकांचा भार नेहमी आजारी माणसावरच का? ब्रिटनच्या कायद्यात तरी सांगितल्याप्रमाणे औषध घेतलेल्याला बचाव आहे.

वाटसरू:
तो बचाव फक्त रक्तातल्या मर्यादेपुरता! गाडी चालवण्याची क्षमता बिघडली असेल, तर तिथेही चिठ्ठी वाचवत नाही. हेच सकाळपासून सांगतोय.

निशिगंध:
आवाज चढवू नका. चिठ्ठीबद्दल तुमचं बरोबर, आजारी माणसाबद्दल नाही. वेदनेचं औषध एकाच डोसवर काही आठवडे स्थिरावलं की बऱ्याच जणांचं शरीर सरावतं. धोका पहिल्या दिवसांत आणि डोस वाढवल्यावर. गाडी तेव्हा बंद ठेवा, जन्मभर नाही.

वाटसरू:
एवढ्यापुरतं मान्य. पण सरावलेल्या डोसवर एक पेग पडला तरी तो सराव मोजायचा नाही. डायझेपाम (शामक गोळी) घेणाऱ्यांनी तर "गोळी काल घेतली होती" असंही म्हणू नये. त्याचं अर्धायुष्यच (रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ) २० ते ५० तासांचं, आणि त्यापासून शरीरात बनणारं द्रव्य त्याहून जास्त टिकतं.