‘जवळचा परदेश’ मराठीत कसा आणावा?

प्रश्न : रशियाच्या परराष्ट्र धोरणावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटून जे देश स्वतंत्र झाले, त्यांच्यासाठी लेखात ‘ब्लिझ्नेये झारुबेझ्ये’ असा शब्द सारखा येतो. ‘निकटवर्ती देश’ चालेल का? की ‘शेजारी राष्ट्रे’ पुरे?

उत्तर : माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. ‘झा’ म्हणजे पलीकडे, ‘रुबेझ’ म्हणजे सीमा. ‘झारुबेझ्ये’ म्हणजे सीमेपलीकडचा मुलूख, परदेश. खरी गोम ‘ब्लिझ्नी’त आहे. हा नुसता अंतराने जवळचा नव्हे. ‘आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ या आज्ञेतल्या शेजाऱ्यालाही रशियन बायबलात हाच शब्द आहे. सुदैवाने आपलं ‘जवळचा’ही असंच दुहेरी आहे. दुकान जवळचं असतं आणि मामाही जवळचा असतो. म्हणून ‘जवळचा परदेश’च ठेवा. ‘निकटवर्ती’ म्हटलं की नात्याचा भाग गळून पडतो, आणि धोरण तर त्या नात्यावरच उभं आहे.

नकाशा उघडून बघा. फिनलंडची रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे, तरी तो ‘जवळचा’ नाही. ताजिकिस्तानची रशियाला कुठेच सीमा लागत नाही, तरी तो ‘जवळचा’! म्हणजे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजलेलं नाही. कालपर्यंत एका छपराखाली होतात, यावर मोजलेलं आहे. म्हणून ‘शेजारी राष्ट्रे’ही बसत नाही.

हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आंद्रेई कोझिरेव्ह परराष्ट्रमंत्री असताना रुळला. सुमारे अडीच कोटी रशियन माणसं रातोरात परदेशात राहिली होती, तेव्हा शब्दाला कारण होतंच, हे मान्य. पण त्याच जवळिकीच्या आधाराने मोल्दोवाच्या ट्रान्सनिस्ट्रियात आणि जॉर्जियाच्या दक्षिण ओसेतिया व अबखाझियात रशियन सैनिक ‘शांतिसैनिक’ म्हणून राहिले. २००८ च्या जॉर्जिया युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी रशियाचे ‘विशेषाधिकाराचे हितसंबंध’ असलेल्या प्रदेशांची भाषा केली. २०२३ च्या परराष्ट्र धोरणाच्या अधिकृत दस्तऐवजात ‘जवळचा परदेश’ या नावाचं वेगळं प्रकरणच आहे.

प्रश्न : मग सरळ ‘प्रभावक्षेत्र’ का म्हणू नये? अर्थ तर तोच.

उत्तर : अर्थ जवळपास तोच, पण बोलणारा बदलतो. ‘प्रभावक्षेत्र’ हा बाहेरच्याने केलेला आरोप वाटतो. ‘जवळचा परदेश’ मॉस्कोच्या तोंडचा आहे आणि त्यात माया आहे. ती माया अनुवादात दिसली पाहिजे, नाहीतर वाचकाला धोरण कळणार नाही. फक्त अवतरणचिन्हं सोडू नका, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मॉस्कोच्या भाषेत’ एवढं जोडा. लेखक स्वतः बोलत असेल तिथे देशांची नावंच घ्या.

‘नवस्वतंत्र’ही जपून वापरा. किर्गिझस्तानला ठीक आहे. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनियाला ते लागू नाही. हे तिन्ही देश १९१८ साली स्वतंत्र झाले होते, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळले. ११ मार्च १९९० ला लिथुआनियाने जे जाहीर केलं ते नवं स्वातंत्र्य नव्हतं, जुन्याची पुनःस्थापना होती. त्यांना नवस्वतंत्र म्हणणं म्हणजे मधली पन्नास वर्षं कायदेशीर मानणं. मी ‘पुन्हा स्वतंत्र झालेले’ लिहीन.

प्रश्न : युक्रेनबद्दलही असा काही शब्दयोगी अव्ययाचा वाद आहे ना?

उत्तर : आहे, आणि तो मराठी माणसाला चटकन कळावा. रशियनमध्ये बेटं सोडली तर देशाच्या नावाला बहुधा ‘व’ लागतो, म्हणजे ‘मध्ये’. युक्रेनला मात्र जुन्या वळणाने ‘ना’ लागतो, म्हणजे ‘वर’, जसा एखाद्या प्रांताला. स्वातंत्र्यानंतर युक्रेनने ‘व’चा आग्रह धरला, मॉस्कोच्या अधिकृत भाषेत ‘ना’ टिकून राहिला. कोकणातला माणूस ‘देशावर गेलाय’ म्हणतो तेव्हा तो सह्याद्रीपलीकडे गेलेला असतो, आणि ‘देशात नाहीये’ म्हणाला तर त्याने पासपोर्ट नेलेला असतो. शब्द एकच, फरक ‘वर’ आणि ‘त’ एवढाच. तुमच्या लेखात ‘ना उक्राईने’ आलं असेल तर मराठीत ‘युक्रेनमध्ये’ लिहून ते सपाट करू नका. मूळ लेखकाने ‘ना’ लिहिलं आहे, हे तळटीपेत सांगा.