थकबाकीदार शोधायला नॉट इन, नॉट एक्झिस्ट्स की लेफ्ट जॉइन?

मुलुंडचा_खजिनदार
आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट, मेंटेनन्सचा हिशोब मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो, एक्सेलला वैतागून. ह्या महिन्यात कोणी भरले नाहीत ते काढायला साधी क्वेरी मारली, फ्लॅट नंबर नॉट इन (यादीत नसलेले) पावत्यांमधले फ्लॅट नंबर. शून्य रो, एकही ओळ नाही! सेक्रेटरी काका खूश, म्हणे पहिल्यांदाच सगळ्यांनी भरले. आणि बी विंगच्या ३०२ वाल्यांनी तर गणपतीपासून दमडी दिलेली नाही. खणलं तर एका पावतीत फ्लॅट नंबर नल, म्हणजे रिकामा, कोणीतरी यूपीआयने पैसे टाकले आणि नाव ना गाव. त्या एका नलने अख्खी यादी गिळली. नॉट इनवर बंदीच घाला, नॉट एक्झिस्ट्सच लिहायचं, म्हणजे ज्या फ्लॅटची जुळणारी पावतीच नाही तो.

जॉइनप्रेमी
बंदी कसली घालताय राव. नॉट इन एकेक तपासतं: ३०२ हा १०१ नाही, १०२ नाही, आणि नल नाही ना? तिथे एसक्यूएल (क्वेरीची भाषा) म्हणतं माहीत नाही, आणि व्हेअर, म्हणजे गाळणारी अट, फक्त नक्की खरं असेल तेच पुढे सोडतं. नियम आहे तो, बग नाही. कॉलमला नॉट नल लावा, रिकामं घेणारच नाही. मी तर लेफ्ट जॉइन करून (सगळे फ्लॅट ठेवून शेजारी पावती जोडायची, नसेल तिथे नल) इज नल बघतो, शेवटची अट काढली की भरलेले-न भरलेले सगळे शेजारीशेजारी डोळ्यांना दिसतात, एक्झिस्ट्समध्ये काय दिसतं?

मुलुंडचा_खजिनदार
नॉट नल कसं लावू? पैसे खरंच आलेत, फेकून देऊ का?

डीबीए_ताई
जॉइनप्रेमी, महिन्याची अट कुठे लिहिता? ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत असेल तर ठीक, सवयीने व्हेअरमध्ये टाकली की न जुळलेल्या रोंचा महिनाही नलच, परत शून्य रो आणि परत काका खूश 😄 मी स्वतः खाल्लाय हा मार. स्पीडचं म्हणाल तर पोस्टग्रेस ८.४ पासून, म्हणजे २००९ पासून, तुमच्या दोघांच्या क्वेरीला अँटी जॉइनच (न जुळलेलेच थेट काढणारी पद्धत) लावतं, एक्सप्लेन करून बघा, क्वेरी कशी चालणार ते दाखवतं. नॉट इनचं तसं नाही, यादी वर्क मेममध्ये (कामापुरती मेमरी, डिफॉल्ट ४ एमबी) मावली तर हॅश, म्हणजे झटपट शोधता येणारा तक्ता, नाहीतर दर रोला सगळी यादी पुन्हा चाळत बसतो. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर मात्र लेफ्ट जॉइन बहुतेकदा आधी सगळं जोडतं आणि मग गाळतं.

जॉइनप्रेमी
८४ फ्लॅटला वर्क मेम सांगताय ताई! अट ऑनमध्येच लिहितो मी, ज्याला ऑन कळत नाही त्याच्यासाठी माझी सवय का बदलू?

विरार_स्लो
एक्सेप्ट वापरा की, एका यादीतून दुसरी वजा, नलची कटकटच नाही. मायएसक्यूएल डेटाबेसमध्येपण आलंय ८.०.३१ पासून.

डीबीए_ताई
फक्त फ्लॅट नंबर येतील, नाव-फोन हवा तर परत जॉइन आलाच.

मुलुंडचा_खजिनदार
नॉट एक्झिस्ट्सने काढली यादी, ११ जण. ग्रुपवर टाकल्यापासून त्यातले तिघं म्हणतायत ते निनावी पैसे आमचेच.