‘नोब्लर’च्या आराखड्यात ४ इंची बेलक्रँक बसवावी का?

प्रश्न: जॉर्ज आल्ड्रिच यांचे ‘नोब्लर’ हे कंट्रोल-लाइन मॉडेल विमान (हातातल्या हँडलला जोडलेल्या दोन तारांवर आपल्याभोवती गोल उडवायचे) मी आराखड्यावरून बांधत आहे. रिब (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फळ्या) कापून झाल्या आहेत, पण पंखावर बाल्सा लाकडाचे वरचे आवरण अजून चढवलेले नाही. आराखड्यात ३ इंची बेलक्रँक (दोन्ही तारा जिला जोडतात ती पंखातली फिरती तरफ) आहे आणि जुन्या फॉक्स ३५ इंजिनाऐवजी मी विद्युत मोटर वापरणार आहे. ४ इंची बेलक्रँक बसवल्याने खरोखर फरक पडतो का? पडत असल्यास पुशरॉडचे (बेलक्रँकपासून फ्लॅपकडे जाणाऱ्या दांड्याचे) छिद्र बेलक्रँकवर कोठे घ्यावे?

पहिले उत्तर: फरक पडतो, आणि तो वाऱ्यात जाणवतो. चौकोनी लूपच्या (हवेत चौकोन काढण्याच्या कसरतीच्या) कोपऱ्यावर फ्लॅपवरील, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागावरील, हवेचा भार वाढतो. त्या क्षणी सगळा ताण एकाच तारेवर येऊन दुसरी सैल पडली, की हँडल कितीही वळवले तरी फ्लॅप पुढे वळत नाही. तेवढ्याच ताणात ४ इंची बेलक्रँक पुशरॉडला सुमारे एक तृतीयांश अधिक बळ देते. मात्र छिद्र मध्यखिळीपासून पूर्वीइतक्याच अंतरावर ठेवावे. अनेक जण तेही त्याच प्रमाणात बाहेर नेतात आणि मिळवलेला फायदा तिथेच घालवतात. बेलक्रँक आता कमी कोनात फिरेल, त्याची भरपाई हँडलवरील तारांमधले अंतर वाढवून करावी. पंख बंद करण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावी; रिबला किंचितही घासली तर आत्ताच जागा करावी.

दुसरे उत्तर: वरील मताशी मी सहमत आहे. आराखडा छापून घेतला असल्यास पंखाची एकूण लांबी आणि मधल्या रिबची रुंदी दोन्ही मोजावीत, कारण छपाईत एक दिशा ताणली किंवा आखडली जाऊ शकते आणि ते एका मापावरून लक्षात येत नाही. बॅटरी मागेपुढे सरकवता येईल अशी जागा ठेवावी. इंधनाची टाकी उड्डाणात रिकामी होत असे आणि गुरुत्वमध्य सरकत असे; बॅटरीचे वजन बदलत नाही, त्यामुळे एकदा जुळवलेला तोल शेवटपर्यंत टिकतो. आतल्या (उडवणाऱ्याकडच्या) पंखटोकाशी लीडआउटची, म्हणजे बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारांची, सरकती पट्टी आणि बाहेरच्या टोकात वजनाची छोटी पेटी बसवण्याची संधीही हीच आहे. नंतर हे करायचे म्हणजे रंगवलेला पंख कापावा लागतो, आणि ते फार जिवावर येते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आत्ताच मोजले: लांबी बरोबर आहे, पण मधली रिब २ मिलिमीटरने कमी भरली. रिब पुन्हा कापतो आणि छिद्र जुन्याच अंतरावर ठेवतो.