आगार व्यवस्थापकांची मुलाखत: प्रश्न आधी पाठवावेत का?

कच्चा_खर्डा: पत्रकारिता विभागाच्या प्रायोगिक अंकासाठी एसटीच्या आगार व्यवस्थापकांची मुलाखत घ्यायची आहे. विषय, कॉलेज सुटल्यानंतरच्या रद्द फेऱ्या. साहेबांनी २० मिनिटं दिलीत, पण प्रश्न आधी मागितलेत. पाठवू का? रेकॉर्डिंग मोबाइलवरच करणार आहे.

शाईचा_डाग: मुद्दे पाठवा, प्रश्न नको. प्रश्न गेले की टाइप केलेली उत्तरं हातात पडतात, मग तुम्ही नुसते टपाली. आकडे मात्र आधीच लेखी मागा: गेल्या महिन्यात त्या मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द किती, कशामुळे. समोर बसून विचारलंत तर "बघून सांगतो" म्हणतील आणि पाच मिनिटं जातील.

त्याआधी आठवडाभर ४ ते ७ स्टँडवर बसा. वेळापत्रकाचा फोटो काढा, गाडी कधी लागली ते वहीत टिपा. "फेऱ्या रद्द होतात का?" याला उत्तर येतं, "क्वचित." "५:४०ची गाडी मंगळवारी, गुरुवारी लागली नाही, त्या दिवशी काय झालं?" इथे क्वचित चालत नाही. हा प्रश्न दहाव्या-बाराव्या मिनिटाला काढा. शेवटी ठेवलात तर नेमकी तेव्हाच कुणीतरी सहीला फाईल आणतं.

पॉज_बटण: मोबाइल विमान मोडवर टाका, फोन आला की बऱ्याच हँडसेटमध्ये रेकॉर्डिंग थांबतं. खाली रुमालाची घडी ठेवा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक आवाजात येते. पंख्याखाली बसू नका. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका, मगच सुरुवात. वहीत रेकॉर्डिंगमधली वेळ (मिनिट:सेकंद) टाकत जा, "११:४० – चालक कमी" असं. २० मिनिटं शब्दशः उतरवायला दीड-दोन तास सहज जातात. वेळ टिपलेली असेल तर हवा तेवढाच तुकडा उतरवायचा.

कच्चा_खर्डा: आणि बोलून झाल्यावर "हे छापू नका" म्हणाले तर?

शाईचा_डाग: म्हणून सुरुवातीलाच ठरवा: छापायचं नसेल ते बोलण्याआधी सांगायचं, नंतर नाही. नाव, हुद्दा त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या. छापण्याआधी अख्खा मजकूर दाखवू नका, आकडे तेवढे फोनवर वाचून दाखवा.

तळटीप: आकडे दिलेच नाहीत तर माहिती अधिकार. १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यामुळे या अंकाला उपयोग नाही, पुढच्याला होईल.