ट्रेकला वेगळं जीपीएस यंत्र हवंच का, की फोन पुरतो?

घाटवाटकर
सरळच मांडतो. राजमाची, लोहगड अशा मळलेल्या वाटांना काहीच लागत नाही. पण घाटवाट असेल, जंगल असेल आणि वर पाऊस असेल तर ग्रुपमधे निदान एक तरी बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं हँडहेल्ड जीपीएस पाहिजेच, नुसत्या फोनच्या भरवशावर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सांगतो. मागच्या सप्टेंबरात रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरत होतो, सात जण. खिंड ओलांडली आणि धुकं असं दाटलं की पुढच्याची सॅक दिसेना. कारवी डोक्याच्या वर, मधे ढोरवाटा फुटलेल्या, आणि प्रत्येक ढोरवाट मळलेलीच वाटते. फोन सातही जणांकडे, ऑफलाईन नकाशा चौघांकडे. पण काच ओली, बोट ओलं, नकाशा आपोआप भलतीकडेच पळायचा, मोठा व्हायचा, लहान व्हायचा, आणि पुसायला कोरडं फडकं कुणाकडे नाही. एकाचा फोन तीस टक्क्यांवरून धाडकन बंद पडला तो पडलाच. माझ्या ईट्रेक्सवर, म्हणजे अशाच हँडहेल्डवर, सकाळपासूनचा ट्रॅक चालू होता, आपण आलो ती रेघ बघत बघत दोनेकशे मीटर मागे गेलो आणि वाट जिथे फुटली होती ती जागा मिळाली. बोटं सुन्न होती तरी बटण दाबता आलं. बाकी काही नाही, पण अंधार पडायच्या आत कुमशेतला पोचलो.

सोनकी
दादा, सुखरूप आलात हे बरं झालं, पण यातून जो निष्कर्ष काढताय तो मला पटत नाही. फोन नापास झाला नाही, फोनची तयारी नापास झाली. मी सहा वर्षं फक्त फोनवर घाटवाटा करतेय. गावातून निघतानाच फोन एअरप्लेन मोडवर, त्यात जीपीएस चालूच राहतं, नेटवर्क शोधण्यात जी बॅटरी जळते ती वाचते. फोन झिपलॉकच्या पिशवीत, त्या प्लॅस्टिकवरून टच बरा चालतो, आणि दहा हजार एमएएचची पॉवर बँक सॅकमधे, तिचं वजन असतं पावशेराच्या आसपास. ओसमँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स या नकाशाच्या अ‍ॅपवर अख्खा महाराष्ट्र आधीच उतरवून घेतलेला.

आणि ते बॅटरी वाचवायचं सेटिंग, ज्यात स्क्रीन बंद झाली की फोन स्वतःच अ‍ॅप मारून टाकतो, ते त्या अ‍ॅपपुरतं बंद करावं लागतं. हे न केल्यामुळे ट्रॅकमधे मधेच सरळ रेघ येते आणि लोक म्हणतात फोनचं जीपीएस वाईट.

वीस-पंचवीस हजार घालून २.२ इंचाची स्क्रीन घ्यायची, तिच्यावर कंटूर, म्हणजे उंचीच्या रेघा, वाचायला डोळे बारीक करायचे, त्यापेक्षा त्या पैशात ग्रुपला एक चांगला दोर आणि दोन चांगले हेडटॉर्च येतात. आता बऱ्याच फोनमधे दोन फ्रीक्वेन्सीचं, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल दोन लहरींवर ऐकून जागा जास्त नेमकी दाखवणारं जीपीएस येतं, जुन्या हँडहेल्डमधे ते नाहीये.

घाटवाटकर
दोन फ्रीक्वेन्सीचं मान्य. कड्याच्या पोटात अर्धं आकाश कड्यानेच झाकलेलं असतं, सिग्नल कातळावर आपटून फिरून येतो आणि आपण घळीच्या पलीकडच्या धारेवर उभे आहोत असं दाखवतं, तिथे नवीन फोन जुन्या यंत्रापेक्षा बरे ठरतात हे मीही पाहिलंय.

पण फोनला नेटवर्कची सवय असते ताई. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती तो इंटरनेटवरून घेतो म्हणून शहरात दोन सेकंदात जागा दाखवतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि ती येते सेकंदाला ५० बिट या वेगाने, सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. झाडीत मधेच सिग्नल तुटला की अजून वेळ. पावसात कुडकुडत उभं राहून हे करायचं का?

सोनकी
पण जागा कळायला ते अख्खं पंचांग लागतच नाही ना, दिसणाऱ्या चार उपग्रहांची ताजी माहिती पुरते आणि ती तीस सेकंदांत मिळते, पुढे तीनचार तास चालते. गावातच, मोकळ्या आभाळाखाली चालू करायचं आणि बंद करायचं नाही. बंद करून ठेवलं तर तुमच्या यंत्रालाही तेवढाच वेळ लागणार.

घाटवाटकर
हं, हे बरोबर आहे. हा मुद्दा मागे घेतो. ओल्या काचेचा आणि सेलचा मुद्दा मात्र सोडत नाही. पेन्सिल सेल कुमशेतच्या दुकानातही मिळतो, चार्जिंग मिळेलच असं नाही.

जुनी शीट
तुम्ही दोघंही यंत्रावर भांडताय, आतल्या नकाशावर कुणीच बोलत नाही. फोन घ्या नाहीतर हँडहेल्ड, आतले कंटूर बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून आलेले असतात, फेब्रुवारी २००० मधे अमेरिकेच्या स्पेस शटलने रडारने जी उंची मोजली तिच्यावरून. तिचे ठिपके तीस तीस मीटरवर आहेत. आता सह्याद्रीतला पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा घ्या, तो दोन ठिपक्यांच्या मधेच बसतो, नकाशात तिथे नुसता चढ दिसतो. वरून खाली येणाऱ्याला तो टप्पा समोर आल्यावरच कळतो, आणि तोवर मागे फिरायचे घसाऱ्याचे दोनशे मीटर चढून जायचं त्राण उरलेलं नसतं. मी स्वतः एका नाळेत, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीत, असा अडकून रात्र काढली आहे, पाणी संपलेलं. तेव्हापासून अनोळखी नाळेत वरून उतरायचं नाही, आधी खालून चढून बघायची, हा माझा नियम आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे कंटूरवाले कागदी नकाशे, स्कॅन करून यंत्रात टाकणाऱ्यांसाठी एक सांगतो, त्या जुन्या एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. डेटम न बदलता टाकल्या तर सगळंच सरकतं आणि झऱ्याची खूण चुकीच्या ओहोळात दिसते. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सीरिजच्या शीटना हा त्रास नाही.

पिवळी जिप्सी
गाडीवाल्यांच्या बाजूने लिहितो. गाडीत चार्जिंगचा प्रश्न नाही, ओल्या बोटाचा नाही, डॅशबोर्डला टॅब लावला की झालं, हँडहेल्ड घेऊन गाडीत करायचं काय. पण आमच्यात वेगळीच चूक होते. नकाशावर तुटक रेघ दिसली की लोक गाडी घालतात. ती रेघ कुणीतरी घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून काढलेली असते, ती बैलगाडीची वाट असेल, कुणाच्या खाचराचा बांध असेल, पावसाळ्यात तिथे ओढा असेल. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री फोनवरच्या नकाशाप्रमाणे जाताना अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली, चालवणारा वाचला नाही. तो डांबरी रस्ता होता, मग कच्च्याचं काय सांगावं. चाकाखाली काय आहे ते उतरून, काठी घालून बघितल्याशिवाय पाण्यात गाडी घालू नये, स्क्रीन काहीही म्हणो.

आणि भीमाशंकर, हरिश्चंद्रगड भागात तर रेघ दिसली तरी गाडी घालायचीच नाही, ते अभयारण्य आहे.

मावळातला
मी गावातलाच आहे म्हणून बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या कुठल्याच यंत्रात कुठल्या टाक्यात मार्चपर्यंत पाणी टिकतं ते नाही. कुठली वाट यंदा दरड येऊन गेली ते नाही. आमच्याकडे प्रत्येक सोंडेला, प्रत्येक बेचक्याला नाव आहे, नकाशात पाचातलं एकही नसतं. वाटाड्या घ्या, त्याला हजार रुपये द्या, त्याच्या घरी जेवा. पूर्वी लोक यायचे ते आधी आमच्या ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, वाट विचारायचे. आता फोनकडे बघत दारावरून निघून जातात आणि रात्री नऊला आम्हीच बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतो.

सोनकी
हे अगदी मान्य, दादा. फक्त भातकापणीच्या दिवसांत गावात माणूस रिकामा नसतो, तेव्हा काय करावं? मी दोनदा तशीच परत फिरले आहे.

मावळातला
ताई, परत फिरलात ते बरोबरच केलंत. नाहीतर चार दिवस आधी फोन करायचा, एखादा म्हातारा माणूस मिळतोच, आणि वाट त्यालाच जास्त माहिती असते.

डेन्व्हरकर
इकडे कॉलोराडोत आम्ही सगळे सॅटेलाईट मेसेंजर बाळगतो, नेटवर्क नसलं तरी मदतीचा मेसेज जातो. डिसेंबरात पुण्याला येतोय, हरिश्चंद्रगडला घेऊन येऊ का?

घाटवाटकर
अजिबात आणू नका! नुसतं जीपीएस वेगळं, ते फक्त ऐकतं. उपग्रहाकडे मेसेज पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर परदेशी प्रवाशांना त्यावरून पकडलेलं आहे.

नेटवर्काच्या पट्ट्यात पोचलात तर साध्या फोनवरून जागेचे आकडे सांगता येतात, पण ते कसे सांगायचे हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहिती पाहिजे. माझ्यासमोर एकाने "१९ पॉईंट ३८" हे फोनवर "१९ अंश ३८ मिनिटं" असं सांगितलं होतं. खरं म्हणजे १९.३८ अंश म्हणजे १९ अंश आणि जेमतेम २३ मिनिटं. एका मिनिटाला उत्तर-दक्षिण १.८५ किलोमीटर धरा, म्हणजे शोधायला येणारे अठ्ठावीस किलोमीटर भलतीकडे गेले असते.

सोनकी
हे मलाही नीट माहिती नव्हतं, आज ग्रुपवर टाकते. बरं, कात्राबाईचा तुमचा तो ट्रॅक द्याल का? ऑक्टोबरात आम्ही नऊ जण आहोत. हो, फोनच घेऊन.

घाटवाटकर
देतो. पण त्यात आमचे चुकलेले दोनशे मीटरही आहेत, जाऊन परत आल्याची दुहेरी रेघ दिसते. ती पुसून साफ करून देऊ का?

जुनी शीट
पुसू नका. लोक साफ केलेले ट्रॅक टाकतात आणि पुढचा माणूस त्याच फाट्यावर परत चुकतो. तिथे वेपॉईंट, म्हणजे नाव दिलेली खूण, टाका आणि त्याच्या नावातच लिहा, "डावीकडे जाते ती ढोरवाट".

घाटवाटकर
उजवीकडची होती काका. तसंच लिहून रात्री टाकतो.